घर्षणाचा आकडा

ब्रेकसारख्या भागांचे गणित आम्ही संगणकावर मांडतो, तेव्हा वस्तूचे हजारो लहान तुकडे कल्पितो. हीच 'फायनाइट एलिमेंट' पद्धत. हे नाव १९६० मध्ये रे क्लफ यांनी रूढ केले. दोन वस्तू जिथे टेकतात तिथे संगणक घर्षण गुणांक विचारतो. बरेचजण ०.३ भरून मोकळे होतात. हा आकडा येतो कुठून?

लिओनार्दो दा विंचीने घर्षण वजनाच्या एक चतुर्थांश असते असे टिपून ठेवले, पण त्याच्या वह्या पडून राहिल्या. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये आमाँताँने एक तृतीयांश सांगितले. दोघांनाही एकच आकडा सर्वांना लागू वाटला. लष्करी अभियंता कूलाँ मात्र चिकित्सक. (विजेच्या नियमाचा तोच हा कूलाँ!) रोशफोरच्या गोदीत प्रयोग करून त्याने १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवले. लाकडावर लाकूड जास्त वेळ टेकून राहिले तर हलवायला जास्त जोर लागतो, हे त्याने मोजले. म्हणजे गुणांक पृष्ठांच्या जोडीचा, आणि वेळेचाही.

संगणकाची अडचण वेगळीच. कूलाँच्या नियमात पृष्ठ चिकटते किंवा सरकते. अधलेमधले काही नाही. या उडीपाशी गणित अडते. म्हणून चिकटलेल्या पृष्ठालाही आम्ही किंचित सरकू देतो. किती, हा आकडा मोजलेला नसतो, निवडलेला असतो. तो सैल ठेवला तर उत्तर लवकर मिळते, पण उतारावर स्थिर असायला हवा तो ठोकळा पडद्यावर हळूहळू घसरू लागतो.

वर्गात फळीवर ठोकळा ठेवून फळी उचलत न्या. ठोकळा घसरू लागतो त्या कोनाचा टॅन्जंट हाच स्थितिक घर्षण गुणांक. मग फळी ओली करून पुन्हा मोजा.