वायनरी काढायचीय? आधी हे वाचा

इंदापूर-बारामतीकडचे मित्र मला सारखं विचारतात, "द्राक्षं घरचीच आहेत, मग वाईन का नको?" पहिली अडचण तिथेच. खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं (शिराझ, कॅबर्ने) वेगळं. वाईनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, म्हणून खरेदीचा लेखी करार नसेल तर वेल लावूच नका.

वायनरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, बिअर आणि वाईन निर्मितीच्या १९६६ च्या नियमांनुसार. दारू जीएसटीत नाही, त्यामुळे बिलावर व्हॅट दिसतो.

खाद्य परवाना वेगळा. तो मोबाईलवर तपासता येतो: बाटलीवरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपमध्ये टाका. पहिला आकडा १ म्हणजे परवाना. पुढचे दोन १५ असतील तर महाराष्ट्राचा, ०० असतील तर केंद्राचा.

खरं दुखणं पैशाचं. तोडणी वर्षातून एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. चांगली रेड वाईन पुढे कित्येक महिने पिंपात मुरते, बँकेचं व्याज मात्र चालूच! पाटस-बारामती रस्त्यावरच्या रोटी गावाजवळची फोर सीझन्स युनायटेड स्पिरिट्ससारख्या बड्या कंपनीने उभारली, नंतर तीही ग्रोव्हर झाम्पाकडे गेली.

विक्रीचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली, पण विरोध झाला आणि निर्णय अडकला. हिशेब मांडताना सुपरमार्केटची विक्री धरू नका.