देणाऱ्याची लेखणी

लेखकानें नांव कसें मिळवावें, असें तरुण मंडळी मोठ्या उत्सुकतेनें विचारीत असतात. या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या खानदेशच्या इतिहासांत आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांच्या लेखनाची वाटचाल पाहिली कीं तें सांपडतें.

गुरुजी जन्मानें कोंकणचे. २४ डिसेंबर १८९९ रोजीं पालगड येथें त्यांचा जन्म झाला. १९२४ सालीं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलांत शिक्षक झाले. छात्रालय त्यांच्याकडे आलें, तेव्हां मुलांसाठीं ते 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढूं लागले. त्याला छापखाना नव्हता आणि त्यापासून कीर्तीही नव्हती. परंतु समोरच्या मुलाच्या मनाला भिडेल असें साधें लिहिण्याची शिस्त तेथेंच अंगीं बाणली. १९३० सालीं नोकरी सोडून त्यांनीं सत्याग्रहांत उडी घेतली.

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे कैद्यांपुढें गीतेवर बोलूं लागले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारीं एक याप्रमाणें, अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें झालीं. गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. वय अवघें बत्तीस; स्वतःचें कांहीं लिहावें अशा उमेदीचे ते दिवस. अशा वेळीं आपली लेखणी त्यांनीं दुसऱ्याच्या वाणीच्या सेवेस लावली. 'गीता-प्रवचनें' हा ग्रंथ पुढें अनेक भाषांत गेला, तो या श्रमामुळें. त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत ते तामिळ शिकले होते; तिरुवल्लुवराचें 'कुरल' मराठींत आणण्याचें श्रेय त्याच वृत्तीला आहे.

श्रोतेहो, देणाऱ्याची लेखणी आटते काय? १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्यांत पांडित्य नाहीं. आईची खरी आठवण आहे. कित्येक टीकाकारांस हें लेखन फार हळवें वाटलें. परंतु त्यांच्यासाठीं गुरुजींनीं आपला सूर बदलला नाहीं, आणि घरोघर तेंच पुस्तक राहिलें.

आमच्या सावद्याजवळील फैजपूर येथें डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. त्यासाठीं गुरुजी गांवोगांव हिंडले. तें नगर सजविलें नंदलाल बोस यांनीं, तेंही बांबूसारख्या गांवांतल्याच साध्या सामानानें. जवळ जें आहे त्यांतूनच सुंदर घडवावें, ही रीत चित्रकाराची तशीच या लेखकाचीही होती.

१५ ऑगस्ट १९४८ रोजीं त्यांनीं 'साधना' साप्ताहिक सुरू केलें. तें आजही निघतें. ११ जून १९५० रोजीं मात्र गुरुजींनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. तेव्हां औदार्यानें मनाला शांति लाभतेच, असें सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. स्वतःसाठीं कांहींच न राखणें हें कोणाच्याही जिवाला जड जातें. नव्या लेखकानें हें ध्यानांत धरावें. पण प्रारंभ कोठून करावा, हें मात्र त्या हस्तलिखित दैनिकाकडून शिकावें. ज्यांना आपलें लेखन हवें आहे अशीं चार माणसें शोधावीं, आणि जें खरें वाटतें तें त्यांना मोकळ्या हातानें द्यावें.