काहीच न करण्याचे कष्ट

इंग्रज गृहस्थ दोन गोष्टी नेमाने भादरतो : हनुवटी आणि अंगणातली हिरवळ. पैकी हनुवटीचे प्रकरण पुरातन आहे. हिरवळ मात्र पूर्वी फक्त जमीनदारांनाच परवडे. गवत कापायला लांब दांड्याचे कोयते घेतलेली माणसे लागत, नाहीतर मेंढ्या. मेंढ्यांना पगार नसे. पण त्यांचा जमाखर्च हिरवळीवरच पडून राही.

1830 साली ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने घोळ घातला. लोकरीच्या कापडावरची लव कापणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले आणि तसलेच गवतासाठी बनवून पेटंट घेतले. वर त्यात असेही सुचवले, की सभ्य गृहस्थांनी हे स्वतः ढकलले तर करमणूकही होईल आणि व्यायामही. नवरे मंडळींच्या सुट्टीवर इतका पद्धतशीर घाला दुसऱ्या कोणी घातला नसेल! पुढे मध्यमवर्गीयांच्या घरापुढेही हिरवळ आली आणि ज्याचे गवत वाढले त्याच्या अब्रूची चर्चा कुंपणापलीकडे सुरू झाली.

या शिस्तीला ज्यांनी सुरुंग लावला, त्यांतल्या एक मिरियम रॉथशिल्डबाई (जन्म 1908). घराणे सावकारी पेढीचे, त्यामुळे आम्हां बँकवाल्यांना उगीचच आपुलकी. वडील चार्ल्स पेढी सांभाळून उरलेल्या वेळात पिसवा जमवीत. आमच्या शाखेतल्या खुर्च्यांत ढेकूण विपुल होते, पण त्यांच्यावर नाव काढावे असे एकालाही सुचले नाही! उंदरांवरून माणसांत प्लेग आणणाऱ्या पिसवेची शास्त्रात पहिली नोंद 1903 साली या चार्ल्ससाहेबांनी केली. 1897 साली पुण्याने जो प्लेग भोगला, त्यातली खरी गुन्हेगार हीच. 1912 साली त्यांनी रानाचे तुकडे राखून ठेवण्यासाठी संस्थाही काढली.

लेकीने वडिलांच्या पिसवा तर सांभाळल्याच, शिवाय अ‍ॅश्टन वोल्ड इथल्या घराभोवतीची बाग चक्क सोडून दिली. हिरवळीचे कुरण झाले, वेली भिंतींवर चढल्या, खिडक्यांवर पसरल्या. तुमच्या-आमच्या घराचे असे झाले असते तर शेजाऱ्यांनी तक्रार केली असती. आपले गवत वाढले की तो आळस. रॉथशिल्डांचे वाढले की ते शास्त्र!

पण शास्त्र खरेच होते. 1930 नंतरच्या पन्नासएक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे 97 टक्के फुलांची कुरणे नाहीशी झाली. महायुद्धात धान्यासाठी ती नांगरली, मग खतांनी गवत माजले आणि फुले गुदमरली. फुलांपाठोपाठ मधमाश्या, फुलपाखरे. बाईंनी पॉपी, कॉर्नफ्लॉवर अशा शेतातून हद्दपार झालेल्या रानफुलांचे बियाणे विकायला काढले. नाव ठेवले ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’! 1980च्या दशकात त्यांच्याच मदतीने तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी हायग्रोव्हला कुरण केले. हायग्रोव्ह कुठे? ग्लॉस्टरशायरमध्येच. जिथे यंत्र जन्मले, तिथेच गवताने सूड उगवला.

2019 पासून तिथली ‘प्लँटलाइफ’ ही संस्था लोकांना विनवते आहे, की मे महिन्यात यंत्र बाहेर काढूच नका. ऐकून कुठल्याही नवऱ्याचे डोळे पाणावतील. पण खरी मेख पुढे आहे. बाग कायमची सोडून दिली तर झुडपे माजून फुले पुन्हा हरतात. म्हणून खत घालायचे नाही, फुले येऊन बी गळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि उन्हाळा सरता सरता सगळे कापून, वाळवून, उचलून न्यायचे. तिथेच कुजले तर त्याचेच खत होते आणि गवत शिरजोर होते.

म्हणजे हा आळस नव्हेच. ही मुदत ठेव आहे. मुदतीआधी मोडली तर व्याज बुडाले, आणि मुदत संपल्यावर उचलायला विसरलात तर मुद्दलही झुडपांत गेले.