कोळशाच्या गावचा चषक

चहाच्या पिवळ्या डब्यावर 'लिप्टन' हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून वाचलेले असेल. या नावाचा गृहस्थ फुटबॉलच्या इतिहासातही डोकावतो, हे मात्र आम्हांस निवृत्तीनंतरच्या निवांत वाचनात कळले. त्या वाचनाने गाठ घालून दिली ती इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील वेस्ट ऑकलंड या खाणकामगारांच्या खेड्याशी. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मूळ प्रदेशापासून दूर राहून लहानसहान संस्था चालविल्या आहेत. अशा संस्थेचा एक चषक कसा आला, कसा गेला आणि पुन्हा कसा मिळाला, ही हकीकत त्यांना परकी वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब खेळतात. त्यांच्या खाली असलेल्या शेकडो अर्धव्यावसायिक व हौशी क्लबांच्या जगाला तेथे 'नॉन-लीग' म्हणतात. वेस्ट ऑकलंडचा क्लब १८९३ साली निघाला आणि १९०५ मध्ये नॉर्दर्न लीगमध्ये दाखल झाला. ही लीग १८८९ ची. जगात आजवर टिकलेल्या फुटबॉल लीगांमध्ये ती वयाने दुसरी. क्लबचे खेळाडू प्रामुख्याने कोळशाच्या खाणींत राबणारे होते. तीन मैलांवरच्या बिशप ऑकलंडचा क्लब हौशी फुटबॉलमध्ये पुढे एवढा मोठा झाला की, त्याने राष्ट्रीय हौशी चषक दहा वेळा जिंकला. अशा शेजाऱ्याच्या सावलीत वाढणे म्हणजे काय, हे मोठ्या शहराला लागून असलेल्या गावांतील मंडळींना सांगावयास नको.

सर टॉमस लिप्टन हे ग्लासगोच्या गरीब वस्तीतून वर आलेले. १८७१ मध्ये त्यांनी तेथे पहिले दुकान थाटले आणि १८९० मध्ये सिलोनात चहाचे मळे विकत घेतले. शिडाच्या नौकांच्या शर्यतींचे त्यांना वेड होते. अमेरिकाज कप जिंकण्यासाठी १८९९ ते १९३० या काळात त्यांनी पाच वेळा आपली 'शॅमरॉक' नौका उतरविली आणि पाचही वेळा ते हरले. जो चषक स्वतःला हवा होता तो त्यांना कधी लाभला नाही. मात्र त्यांनी दुसऱ्यांसाठी ठेवलेल्या चषकाने एका खेड्याचे नाव राखले.

इटलीतील तुरीन येथे १९०९ च्या ईस्टरमध्ये हा चषक खेळला जावयाचा होता. यजमान इटलीखेरीज जर्मनी, स्वित्झर्लंड व इंग्लंड येथून एकेक संघ अपेक्षित होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने संघ पाठविण्यास नकार दिला आणि निमंत्रण वेस्ट ऑकलंडकडे गेले. ते तेथेच का गेले? गावातील आवडती कथा अशी की, आमंत्रण 'डब्ल्यू. ए.' या आद्याक्षरांच्या संघाला, म्हणजे लंडनच्या वुलिच आर्सेनलला धाडावयाचे होते आणि कारकुनाच्या चुकीने ते खाणकामगारांच्या हाती पडले. या कथेला पुरावा मिळालेला नाही. आयुष्यभर फायली चाळलेल्या माणसाला तर ती अधिकच संशयास्पद वाटते. कारकुनाच्या माथी दोष मारला की गोष्ट रंगते, हा अनुभव आम्हांस चांगलाच आहे! कथेची गोडी आम्ही नाकारीत नाही. तिला इतिहास म्हणावयास मात्र आमचे मन धजत नाही.

प्रवासखर्चासाठी काही खेळाडूंनी घरातील चीजवस्तू विकल्या वा गहाण टाकल्या, असे सांगतात. आगगाडीने आणि बोटीने ही मंडळी तुरीनला पोहोचली. उपान्त्य सामन्यात त्यांनी स्टुटगार्टच्या संघाला आणि १२ एप्रिल रोजी अंतिम सामन्यात विंटरथुरच्या स्विस संघाला, दोन्ही वेळा २–० ने हरविले. चषक घेऊन ती घरी परतली आणि पुन्हा खाणीत उतरली.

१९११ मध्ये चषक राखण्यासाठी ते पुन्हा गेले. झुरिकच्या संघावर विजय मिळवून १७ एप्रिलच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ युव्हेंटसशी पडली. आज ज्या क्लबचे नाव जगभर घेतले जाते, त्याला या खेडुतांनी ६–१ ने नमविले. लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला. त्याच वर्षी २९ जुलै रोजी कलकत्त्यात मोहनबागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, हे येथे सहज आठवते.

या चषकाला 'पहिला विश्वचषक' म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस अतिशयोक्त वाटतो. स्पर्धा क्लबांची होती, सगळे युरोपचे होते, आणि १९०८ मध्ये तुरीनमध्येच आणखी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन गेली होती. खरा विश्वचषक १९३० मध्ये उरुग्वेत झाला. त्यातील तेरा देशांत इंग्लंड नव्हते. तरीही १९८२ मध्ये या प्रसंगावर निघालेल्या, डेनिस वॉटरमनची प्रमुख भूमिका असलेल्या दूरचित्रवाणीपटाच्या नावात 'वर्ल्ड कप' हे शब्द आलेच.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या विजयानंतर क्लब कर्जात बुडाला. चषक व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाई मिसेस लँचेस्टर यांच्याकडे चाळीस पौंडांना गहाण पडला आणि १९१२ मध्ये क्लबच मोडला. १९१४ मध्ये तो 'वेस्ट ऑकलंड टाउन' या नावाने पुन्हा उभा राहिला, पण चषक सुटला नाही. अर्धे शतक तो बाईंकडेच राहिला. अखेर १९६० मध्ये गावाने वर्गणी काढली आणि शंभर पौंड देऊन तो सोडविला. त्याच सुमारास क्लबने १९५९–६० व १९६०–६१ अशी दोन वर्षे नॉर्दर्न लीग जिंकली, आणि १९६१ मध्ये हौशी चषकाची अंतिम फेरीही गाठली. तेथे वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूने त्यांना २–१ ने हरविले. चषक घरी आल्याचा हा गुण, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो.

मिसेस लँचेस्टर यांना लोभी ठरविणारे लोक भेटतात. आम्हांस ते पटत नाही. शासकीय सेवेत काही वर्षे आमच्याकडे संस्था-नोंदणीचे काम होते. तालुक्याच्या एका गावी जुन्या व्यायामशाळेच्या मालमत्तेच्या यादीत 'चांदीची ढाल, एक नग' अशी नोंद दरसाल होत असे. ढाल दाखवा म्हटल्यावर कार्यवाह आम्हांस सराफाच्या पेढीवर घेऊन गेले. आखाड्याच्या छपरासाठी ती गहाण टाकली होती. वृद्ध सराफाने ती मखमली कापडात गुंडाळलेली आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "साहेब, व्याज मी कधीच सोडले, पण यांच्या हाती दिली तर मोडीत निघेल." त्या दिवशी अहवालात काय लिहावे, हे आम्हांस बराच वेळ सुचले नाही. शेवटी 'ढाल प्रत्यक्ष पाहिली' एवढेच लिहिले. मोडलेल्या क्लबचा चषक पन्नास वर्षे न वितळविता जपणाऱ्या बाईंच्या बाबतीतही आमचा शेरा याहून निराळा झाला नसता.

गावाच्या ताब्यात आल्यावर मात्र तो तितका सुरक्षित राहिला नाही. १९९४ मध्ये कामगारांच्या क्लबातून तो चोरीस गेला आणि पुन्हा सापडला नाही. त्याच्या जागी हुबेहूब प्रतिकृती घडवून घेण्यात आली. पुढे २०१२ आणि २०१४ मध्ये क्लबने नॉन-लीग संघांसाठीच्या एफ. ए. व्हाज स्पर्धेची अंतिम फेरी वेम्ब्लीच्या मैदानावर खेळली आणि दोन्ही वेळा हार पत्करली. मधल्या २०१३ या वर्षी गावच्या हिरवळीवर त्या विजयांचे शिल्प उभे राहिले. फुटबॉलपटू आणि खाणकामगार ही दोन्ही रूपे त्यात एकत्र आहेत.