विहीर आधी, गड मागाहून

मसुऱ्याचा भरतगड पाहायला आलेले पाहुणे बुरूज पाहतात, खाडीपलीकडचा भगवंतगड कुठला ते विचारून घेतात आणि खाली उतरतात. गडावरच्या विहिरीत डोकावणारा विरळा. वास्तविक गडाची खरी हकिकत त्या विहिरीत आहे. शिवाजी महाराजांनी १६७० साली ही टेकडी पाहिली, जागा पसंत पडली, पण पाणी नाही म्हणून बेत सोडून दिला, असे सांगतात. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी खडक फोडून विहीर खणवली, पाणी लागले, आणि मग गड उभा राहिला. ते साल १७०१ चे धरतात. तट सर्वांना दिसतो. ज्याच्यावाचून तट निरुपयोगी, ते पाणी मात्र डोंगराच्या पोटात.

संगणकातही अशी एक विहीर असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण पत्र लिहितो, गाणे ऐकतो, वीजबिल भरतो. हे सारे कार्यक्रम त्या एकाच विहिरीवर पाणी भरतात. स्मृतीतली किती जागा कोणाला द्यायची, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणाकडे पोचवायचे, एकाचे काम थांबवून दुसऱ्याला पाळी कधी द्यायची, हे सगळे तिने पाहायचे आणि आपण मात्र दिसायचे नाही.

ही विहीर विकत मिळते, फुकटही मिळते. तरीसुद्धा ती आपल्या हाताने खणणारी वेडी माणसे जगात आहेत, आणि त्यांपैकी एक सध्या आमच्याच माजघरात बसते. माझा पुतण्या पदवी घेऊन घरी आला आहे, नोकरी अजून लागलेली नाही, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एका जुन्या लॅपटॉपवर तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो. जुन्या घडणीचा पीसी सुरू होताना तबकडीवरचे पहिले फक्त ५१२ बाइट वाचतो. तेवढ्या जागेत पुढच्याला जागे करणारा कार्यक्रम बसवावा लागतो. तो बसला आणि काळ्या पडद्यावर एक अक्षर उमटले, त्या रात्री त्याने मला झोपेतून उठवले. वहिनींना त्या अक्षराचे कौतुक नाही. “भावजी, बाजारात गावता, ता घराक कित्याक करूक होया? तुमीच इचारा तेका,” त्या म्हणाल्या. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोराची उमेदीची वर्षे आहेत.

उत्तर शोधायला मी इतिहासाकडे गेलो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने मल्टिक्स नावाच्या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामातून अंग काढून घेतले. केन थॉम्प्सन या तरुणाने एका कोपऱ्यात पडलेला, फारसा कोणी न वापरणारा पीडीपी-७ संगणक धरला. बायको मुलाला घेऊन सासरच्या माणसांकडे गेली होती. घरात शांतता, एकेका भागाला एकेक आठवडा असा हिशेब मांडून त्याने जी सिस्टीम लिहिली, तिचेच पुढे युनिक्स झाले. (बायको माहेरी गेली की आपल्याकडचे पुरुष काय करतात, ते विचारू नका.)

दुसरी कथा हेलसिंकीची. लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या जानेवारीत हप्त्यांवर एक पीसी घेतला. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी सिस्टीम पुस्तकासह काढली होती. ती त्याने अभ्यासली. त्याचा पहिला प्रयोग ऐकण्यासारखा आहे. एक काम पडद्यावर ‘ए’ काढी, दुसरे ‘बी’ काढी, आणि यंत्र दोघांना आळीपाळीने संधी देई. पाहणाऱ्याला नुसती अक्षरांची रांग. पण एकाच यंत्राकडून दोन कामे न भांडता करून घेणे, हाच ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवले की आपण हा उद्योग निव्वळ छंद म्हणून करतो आहोत, यातून मोठे काही व्हायचे नाही. त्याचे लिनक्स झाले. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतले झाडून सगळे संगणक त्याच्यावरच चालतात.

पण ही कथा वहिनींना सांगणे मला लबाडीचे वाटते. एका लिनसमागे हजारो पोरांच्या सिस्टीम त्यांच्याच घरी जन्मतात आणि तिथेच विझतात. म्हणून विझलेल्या यंत्राचीच गोष्ट सांगतो. तीही आपल्या मुंबईची.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ साली काही तरुणांनी संगणक बांधायला घेतला. आर. नरसिंहन सोडले तर त्यांच्यापैकी कोणी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता, मग बांधणे दूरच. त्याच साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने विलायतेहून आणलेला संगणक बसवला होता. म्हणजे बाजारात मिळते ते घरी कशाला, हा प्रश्न तेव्हाही होताच. आधी त्यांनी नमुन्यादाखल एक लहान यंत्र केले, ते चालल्यावर मोठ्याला हात घातला. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा. स्मृती चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट. दिवाळीचा साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. आज्ञा शून्य आणि एक यांतच लिहायच्या. १९६० साली यंत्र कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टीआयएफआरएसी’, म्हणजे टिफ्रॅक, असे नामकरण केले.

१९६४ साली अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. वेग, स्मृती, सर्वच बाबतींत तो इतका पुढचा होता की टिफ्रॅक लवकरच बंद करावा लागला. पाच-सहा वर्षे खपून बांधलेले यंत्र तितकीच वर्षे चालले. हिशेबाच्या वहीत हे तोट्याच्याच खात्यावर पडेल.

मात्र वहीत न मावणारी एक बाजू आहे. त्या बंद यंत्राने मुंबईत अशी माणसे तयार केली, ज्यांना संगणकाच्या पोटात हात घालण्याची भीती उरली नव्हती. त्याच संस्थेच्या आवारात पुढे मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी अनेक प्रोसेसर एकदम चालणाऱ्या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टीम रचली, आणि तिच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रेंटिस-हॉलने छापला. परक्याचे यंत्र नुसते वापरणाऱ्याकडून असा ग्रंथ होत नाही, असे माझे मत.

वहिनींना मी एवढेच म्हटले की, माघी पौर्णिमेपर्यंत पोराला खणू दे. नोकरीचे अर्जही तो टाकतो आहे, ते मी पाहतो. त्यांनी मान हलवली नाही, पण रात्रीच्या चहाची साखर आता कुलपात ठेवत नाहीत. पुतण्याने माझ्या हाती एक चिठ्ठी दिली आहे: मुंबईला जाल तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जोसेफ, प्रसाद आणि नटराजन यांचे ते १९८४ चे पुस्तक मिळते का, पाहा.