निकालाआधीची तेजी

वर्षातून चार वेळा, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी ह्या महिन्यांत, आपल्या देशातील शेअरबाजाराला एक विशेष प्रकारची हुरहूर लागते. कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर व्हावयाचे असतात. सेबीच्या नियमाप्रमाणे, वर्षाची शेवटची तिमाही सोडल्यास, तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत ते प्रसिद्ध करावे लागतात. माहिती-तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्या बहुधा आघाडीला असतात, आणि म्हणून त्यांच्याच भागांविषयी अंदाजांचा बाजार सर्वांत आधी भरतो. जयपूरच्या ज्या विद्याधर नगरात मी नोकरीच्या निमित्ताने राहतो, तेथेही संध्याकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींत ह्या दिवसांत दुसरा विषय क्वचितच निघतो. १७२७ साली वसलेल्या जयपूरची रचना करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव ह्या वसाहतीला दिलेले आहे, आणि तिचा आराखडा आखणारे बाळकृष्ण दोशी हे मूळ पुण्याचे, हे मराठी श्रोत्यांना जाता जाता सांगावयास हरकत नाही.

अंदाजांचा व्यापार राजस्थानला नवा नाही. फलोदी गावचा सट्टाबाजार पावसाच्या अंदाजाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे पैशाची देवघेव चालते ती पावसाविषयीच्या अंदाजांवर. शेअरबाजाराचे मर्मही हेच आहे. कंपनीला नफा झाला एवढ्याने भाव चढत नाही. बाजाराने आधीच मनात धरलेल्या नफ्याहून तो अधिक व्हावा लागतो.

ह्या गोष्टीचा पहिला मोठा धडा आपल्याला मुंबईत मिळाला. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडकून पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. जुन्या गाद्या उसवून त्यांतला कापूस विकल्याची वर्णने त्या काळच्या आठवणींत सापडतात. चार-पाच वर्षांत मुंबईत कोट्यवधी पौंडांची जी अधिक रक्कम आली, तिला गुंतवणुकीची वाट हवी होती. ती वाट कंपन्यांच्या भागांत सापडली. १८६५ च्या आरंभी मुंबईत एकतीस बँका, सोळा वित्तसंस्था, आठ जमीन-कंपन्या, वीस विमा कंपन्या आणि दहा जहाज-कंपन्या उभ्या होत्या.

त्या काळचे 'नवे तंत्र' म्हणजे समुद्र हटवून जमीन काढणे. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ज्या भागावर पाच हजार रुपये भरलेले होते, त्याची किंमत पन्नास हजारांच्या घरात गेली. लक्षात घ्यावयाचे ते हे, की कंपनीला दाखविण्याजोगा नफाच नव्हता. जमीनही अजून पाण्याखाली होती. निकाल नव्हते, ताळेबंद नव्हता, आणि म्हणूनच अपेक्षेला आवरणारे काहीही नव्हते. प्रेमचंद रायचंद यांचे नाव ह्या साऱ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी होते. १८६३ च्या नव्या कायद्याने भागांच्या तारणावर कर्ज देण्यास बँक ऑफ बॉम्बेला मोकळीक मिळाली होती, आणि पुढे तर तारणावाचूनही कर्जे दिली गेली. दिनशा वाच्छा त्या वेळी विशीतले होते. त्यांनी पुढे, १९१० साली, ह्या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

बातमीचा वेग हा ह्या कथेतला महत्त्वाचा भाग आहे. अमेरिका आणि युरोप यांच्यामधली समुद्रतळाची तार १८६६ पर्यंत कायमची जोडली गेली नव्हती. रणांगणाची बातमी आधी जहाजाने इंग्लंडला पोहोचे. तेथून पुढे ती इराणच्या आखातातून आलेल्या तारेने मुंबईला मिळावयास लागली ती १८६५ च्या आरंभी. जनरल ली याने ९ एप्रिल १८६५ रोजी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईस येईपर्यंत अनेक दिवस मध्ये गेले, आणि त्या दिवसांत सौदे चालूच होते. वायद्याच्या पुष्कळ सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. त्या तारखेला देणारे आणि घेणारे दोघेही एकमेकांना चुकवू लागले. बॅक बेचा भाग दोन हजारांच्याही खाली उतरला. दिवाळखोरीचे अर्ज इतके झाले की त्यांच्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ पर्यंत बुडीत गेली आणि तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला.

आणि तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. समुद्र हटविता येतो ही कल्पना खोटी नव्हती. मरीन ड्राइव्हचा रस्ता पुढे विसाव्या शतकात हटविलेल्या समुद्रावरच उभा राहिला. चुकला तो हिशेब तारखेचा. २००० सालच्या इंटरनेट-कंपन्यांच्या तेजीबद्दलही हेच म्हणता येईल. अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी पाच हजारांच्या पुढे होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो अकराशेच्या आसपास आला. इंटरनेट मात्र राहिले, आणि जगभर पसरले.

आपल्या घरचे उदाहरण इन्फोसिसचे. सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात, अवघ्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर ती सुरू केली. १९९३ साली पंचाण्णव रुपयांना जे भाग विक्रीस काढले, त्यांना पुरेसे गिऱ्हाईकही मिळाले नाही. पुढील दहा वर्षांत तीच कंपनी बाजाराचे लाडके बाळ झाली. परंतु १० एप्रिल २००३ रोजी तिने आपले वार्षिक निकाल जाहीर केले, तेव्हा नफा वाढलेला असूनही भागाचा भाव एका दिवसात एक चतुर्थांशाहून अधिक कोसळला. कारण एवढेच, की पुढील वर्षाचा कंपनीचा स्वतःचा अंदाज बाजाराच्या अंदाजाहून कमी होता. १२ एप्रिल २०१३ रोजी असाच प्रसंग पुन्हा आला आणि भाव एक पंचमांशाहून अधिक घसरला. म्हणजे ताळेबंद दर तिमाहीस मिळू लागल्याने अपेक्षेचे राज्य संपले, असे झाले नाही. किंबहुना तिला आता नेमकी तारीख मिळाली, आणि त्या तारखेच्या आधीचे पंधरा दिवस हाच तिचा हंगाम ठरला. माझ्या मते हा सुधारणेचाच भाग आहे. १८६५ साली चूक उघडकीस यावयास वर्षे लागली, आता ती तीन महिन्यांत येते. परंतु तिची किंमत कोण भरतो, हा प्रश्न मात्र उरतो.

१८६५ मध्ये ती केवळ दलालांनी भरली नाही. खानदेशातील आणि दख्खनमधील शेतकऱ्याने चढ्या भावाच्या दिवसांत कर्ज काढले होते, सावकाराने ते आनंदाने दिले होते. भाव उतरले, कर्ज उतरले नाही, आणि सारा तर वाढला. त्या शेतकऱ्याने बॅक बेचा एकही भाग घेतला नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या उठावात कर्जखते आणि चोपड्या जाळल्या गेल्या. चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाला कापसाच्या तेजीमंदीचा विचार करणे भाग पडले, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून पुढे आला.

त्याच १८७५ च्या जुलै महिन्यात, सुप्याच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, मुंबईच्या तीनशेहून अधिक दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअरबाजाराची ती सुरुवात होय. तिच्या सभासदत्वाची प्रवेश फी एक रुपया ठेविली होती.