डार्टिंग्टनचे मास्तर आणि डार्विनचे फिंच

उत्क्रांतीचा धडा आला की फिंच पक्ष्यांच्या चोचींचे चित्र फळ्यावर येतेच. 'हे पक्षी पाहून डार्विनला उत्क्रांती सुचली' असेही आपण सांगून टाकतो. प्रत्यक्षात १८३५ साली गॅलापॅगोस बेटांवर असताना डार्विनने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. कोणता नमुना कोणत्या बेटावरचा, याची नोंदही त्याने नीट ठेवली नाही. चोचींचा अर्थ लावला तो शंभरेक वर्षांनी, एका शाळाशिक्षकाने.

डेव्हिड लॅक (१९१०-१९७३) केंब्रिजला शिकले आणि १९३३ मध्ये इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल या शाळेत प्राणिशास्त्र शिकवू लागले. परिसरात रॉबिन पुष्कळ. (हा लाल छातीचा युरोपीय रॉबिन, आपला दयाळ नव्हे.) लॅक यांनी त्यांच्या पायांत रंगीत कडी घातली, त्यामुळे प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येऊ लागला. हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन ठेवला की हद्दीचा धनी त्याच्यावर तुटून पडे. नुसता लाल पिसांचा झुपकाही त्याला पुरे होई! कड्यांच्या नोंदींवरून कळले की वाढ झालेला रॉबिनही सरासरी जेमतेम वर्षभरच जगतो.

१९३८-३९ मध्ये शाळेतून रजा घेऊन ते गॅलापॅगोसला गेले. परतल्यावर त्यांनी लिहिले की चोचींतील फरकांचा अन्नाशी फारसा संबंध नाही. आपल्या जातीचा जोडीदार ओळखायला ते उपयोगी पडतात. महायुद्धामुळे हा प्रबंध छापायला १९४५ साल उजाडले. तोपर्यंत लॅक यांचे मतच बदलले होते! युद्धकाळात ते रडारवर काम करत होते. सोबत व्हार्ली नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. एकाच अन्नावर अवलंबून असलेल्या दोन जाती एका ठिकाणी टिकत नाहीत, हे गाउस यांचे तत्त्व त्यांच्याशी झालेल्या चर्चांत पुढे आले. लॅक यांनी जुनीच मापे पुन्हा तपासली. छोटा आणि मध्यम भूफिंच जिथे एकत्र राहतात तिथे त्यांच्या चोचींच्या जाडीत स्पष्ट फरक असतो. पण ज्या बेटावर दोहोंपैकी एकच असतो, तिथे त्याची चोच मधल्या मापाची. जोडीदार ओळखण्याच्या कल्पनेने हे उलगडत नाही, अन्नाच्या स्पर्धेने उलगडते. १९४७ च्या पुस्तकात त्यांनी आपलेच मत उलटे फिरवले. पहिला प्रबंध छापून दोनच वर्षे झाली असताना हे करणे सोपे नसते, हे संशोधन करणाऱ्या आम्हाला चांगले ठाऊक आहे.

१९४५ पासून ते ऑक्सफर्डच्या पक्षिसंशोधन संस्थेचे संचालक होते. आता प्रश्न होता, पक्षी अमुकच अंडी का घालतो? त्यांचे उत्तर असे, की जितकी पिल्ले आईबापांना पोसता येतील तितकीच. विद्यापीठ-संग्रहालयाच्या मनोऱ्यातल्या पाकोळ्या दोन किंवा तीन अंडी घालत. थंड, पावसाळी उन्हाळ्यात उडते कीटक कमी मिळाले की तीन पिल्लांच्या घरट्यांचे हाल होत. विन-एडवर्ड्स यांनी १९६२ मध्ये मांडले, की प्राणी समूहाच्या हितासाठी आपली वीण आवरतात. लॅक यांनी १९६६ मध्ये ते मुद्देसूद खोडून काढले. आमच्या मते या वादात लॅकच वरचढ ठरतात. मात्र पिल्ले पोसताना आईबाप स्वतः किती झिजतात, हा हिशेब त्यांनी पुरेसा धरला नाही. तो पुढच्यांनी केला.

लॅक १९७३ च्या मार्चमध्ये वारले. त्याच वर्षी पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने गॅलापॅगोसच्या डॅफ्नी बेटावर काम सुरू केले. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, मध्यम भूफिंचांपैकी बहुतेक मेले, आणि वाचले त्यांत जाड चोचीचे जास्त होते.